साडेचार तासांचं लखनौ

गेल्या डिसेंबरात आम्ही ज्या सहलीबरोबर उत्तर प्रदेशात गेलो, तिच्या कार्यक्रमपत्रिकेत काशीला दोन दिवस होते, प्रयागला एक, अयोध्येला दीड आणि लखनौला साडेचार तास. त्या साडेचार तासांचा तपशीलही दिला होता : बडा इमामबाडा व भूलभुलैया, रूमी दरवाजा (बसमधून), चिकन खरेदी, विमानतळ. कंसातला तो ‘बसमधून’ वाचून मला आधी हसू आलं आणि मग राग आला. हा लेख त्या रागातून लिहिला आहे.

आम्ही विमानाची तिकिटं बदलून एक दिवस मागे राहिलो. त्र्याहत्तरीला आलेली आई, अकरा वर्षांची मुलगी, नवरा आणि मी. दिवसभर शहर पायी पाहायचं आणि फारच लांब असेल तिथेच ई-रिक्षा करायची, असं ठरलं. सहलीतल्या मंडळींनी आम्हाला वेड्यात काढलं. ‘लखनौत एवढं आहे तरी काय?’ हा एक प्रश्न आणि ‘आईंना कशाला तंगडतोड?’ हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांना उत्तर द्यायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. लखनौ हे पायी पाहायचं शहर आहे. बसच्या काचेतून जे दिसतं ते लखनौ नव्हे. आणि जे शहर म्हाताऱ्या बाईला नि शाळकरी मुलीला आपल्या रस्त्यावरून धड चालू देत नाही, त्याने वारशाच्या गप्पा मारू नयेत. या दुसऱ्या वाक्यातून पुणं-मुंबईही सुटत नाहीत, पण त्यांच्याकडे शेवटी येते.

‘लखनौत काय आहे?’ असं विचारणाऱ्या मराठी माणसाच्या डोक्यात लखनौचं एक चित्र असतं. नवाब, पानदान, पतंग, मुजरा आणि राज्य बुडत असताना बुद्धिबळात रंगलेले दोन सरदार. प्रेमचंदांची ‘शतरंज के खिलाड़ी’ 1924 ची, सत्यजित राय यांचा तिच्यावरचा चित्रपट 1977 चा. कथा थोर आहे, चित्रपटही थोर आहे. आळशी आहे ते आपलं वाचन. दोन खेळाडूंवरून आपण अख्खं शहर ऐदी ठरवून मोकळे झालो. इतिहासाच्या बाबतीतही तेच. शुजाउद्दौला आपल्याला ठाऊक असतो तो पानिपतापुरता, 1761 साली अब्दालीच्या बाजूला असलेला. त्याच्या पदरी काशीराज पंडित नावाचा दख्खनी ब्राह्मण होता आणि पानिपताची डोळ्यांनी पाहिलेली हकिकत त्याने फारसीत लिहून ठेवली, हेही काहींना ठाऊक असतं. पण त्याच शुजाच्या मुलाने, आसफउद्दौल्याने, 1775 मध्ये राजधानी फैजाबादहून लखनौला आणली आणि पुढे काय केलं, इथे आपलं कुतूहल संपतं.

त्याने काय केलं ते आम्हाला सकाळी साडेआठला, धुकं विरत असताना, इमामबाड्याच्या आवारात कळलं. 1783-84 चा दुष्काळ हा उत्तर हिंदुस्थानातल्या मोठ्या दुष्काळांपैकी एक. विक्रम संवत 1840 मध्ये पडला म्हणून त्याला ‘चालिसा’ म्हणतात. त्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून 1784 मध्ये हा इमामबाडा बांधायला घेतला. मधला दिवाणखाना सुमारे 50 मीटर लांब, 16 मीटर रुंद आणि 15 मीटर उंच. वर कमानदार छत आणि मध्ये आधाराला एकही खांब किंवा तुळई नाही. त्या प्रचंड छताचा भार हलका करायला आणि बाजूंना तोलून धरायला भिंतींच्या जाडीत नि वरच्या मजल्यांवर पोकळ्या ठेवल्या, त्यांचे बोळ झाले आणि त्या बोळांची झाली भूलभुलैया. म्हणजे सहलीवाले ज्याला गंमत म्हणून दाखवतात, ती मुळात इमारतीची हाडं आहेत. वाटाड्याने नेहमीची दंतकथाही सांगितली : दिवसा गरिबांनी बांधायचं आणि रात्री घरंदाज पण उपाशी लोकांनी, चेहरा दिसू नये म्हणून अंधारात, त्यातलं काही पाडायचं; दोघांनाही मजुरी. खरी असो वा खोटी, दोनशे वर्षं ही गोष्ट सांगितली जाते, कारण दुष्काळात भुकेइतकीच लाजही माणसाला मारते हे सांगणाऱ्यांना ठाऊक होतं.

आई ऐकत होती. मग म्हणाली, ‘म्हंजे हे दुष्काळी कामच की गं.’

आई मूळची तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली. बहात्तरच्या दुष्काळात ती एकोणीस-वीस वर्षांची होती आणि पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. दुपारी मिळणाऱ्या सुकडीची चव ती अजून सांगते. त्या दुष्काळाच्या अनुभवातून महाराष्ट्राने रोजगार हमी योजना उभी केली. तिचा कायदा 1977 चा, अंमल 1979 पासूनचा. पुढे 2005 चा देशव्यापी कायदा झाला तेव्हा हाच अनुभव समोर होता. हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. आईला ते तळहातातून माहीत होतं, आणि त्या आवारात पाऊण तास सावकाश फिरल्यावरच तिला इमामबाडा ओळखीचा वाटला. ‘आमच्या तलावाला मात्र कुणी बघायला येत नाही,’ असंही ती म्हणाली.

नवाब दयाळू होता, हे सिद्ध करायला मी हे सांगत नाही. त्याच्या दरबाराचा खर्च आणि कंपनीच्या फौजेसाठीची देणी शेवटी रयतेच्याच डोक्यावर होती. पण ‘ऐदी नवाबांचं शहर’ हा शिक्का मारायला साडेचार तास पुरतात आणि तो पुसायला एक सकाळ पायी फिरावं लागतं, एवढंच माझं म्हणणं आहे. आमच्या सहलीने इमामबाडा दाखवला तेव्हा वाटाड्याला पंचवीस मिनिटं होती. दुष्काळ त्या पंचवीस मिनिटांत बसला नाही. भूलभुलैयातले फोटो तेवढे बसले.

इमामबाडा, रूमी दरवाजा, 1881 चं हुसैनाबादचं घड्याळाचं मनोरं, तळ्याकाठची बारादरी, महंमद अलीशाहने सुरू केलेला आणि त्याच्या मृत्यूमुळे अर्धा राहिलेला सतखंडा आणि मग छोटा इमामबाडा. हे सगळं जेमतेम एक-दीड किलोमीटरच्या पट्ट्यात आहे. ज्याने हे रचलं त्याने चालणाऱ्याच्या पावलांचा हिशेब केला होता. दरवाज्यातून बाहेर पडलं की पुढची इमारत डोळ्यांसमोर हळूहळू उलगडते. रूमी दरवाजा तर साठ फूट उंच आहे. बसच्या खिडकीतून त्याचा फार तर पायथा दिसतो. ‘रूमी दरवाजा (बसमधून)’ म्हणजे ‘जेवण (वासावरून)’.

या पट्ट्यात काही ठिकाणी फरसबंदी आहे, दिवे आहेत, तिथे चालणं सुखाचं होतं. पट्टा संपला आणि आम्ही चौकाच्या दिशेने वळलो, तसा आमच्या पायाखालचा रस्ताच कुणीतरी काढून घेतला. पदपथ जिथे होता तिथे मोटारी उभ्या, जिथे नव्हता तिथे गटाराची कड. एका नाक्यावर रस्ता ओलांडायला आई सात मिनिटं उभी होती. एकदा पाऊल पुढे टाकलं आणि दुचाकीवाल्याच्या कर्कश भोंग्याने मागे घेतलं. मुलीने माझा हात इतका घट्ट धरला होता की नखं रुतली. शेवटी पेरूच्या गाडीवाल्याने आपली हातगाडी रस्त्यात आडवी घातली आणि म्हणाला, ‘अम्मा, हमारे पीछे-पीछे आ जाइए.’ आम्ही चौघं एका हातगाडीच्या आडोशाने उत्तर प्रदेशच्या राजधानीतला रस्ता ओलांडून गेलो.

यात लखनौची म्हणून वेगळी अशी काही बदनामी नाही. 2022 मध्ये देशात रस्त्यांवरच्या अपघातांत 1,68,491 माणसं मेली. त्यांतली 32,825 पायी चालणारी होती. हे केंद्र सरकारचेच आकडे आहेत. दर पाच मृतांमागे जवळपास एक पादचारी. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की पदपथावरून सुरक्षित चालता येणं हा राज्यघटनेच्या 21 व्या कलमाखालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. चालण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात मोडतो हे कोर्टाला सांगावं लागतं, यातच आपल्या शहरांचा पंचनामा झाला.

लखनौच्या रस्त्यांना आणखी एक इतिहास आहे आणि तो माहीत असला की रुंदीकरणाच्या आरत्या ओवाळताना हात जरा थांबतो. 1857 मध्ये या शहराने इंग्रजांना गल्लीबोळांत जेरीस आणलं. 30 जूनला चिनहटला इंग्रजांचा पराभव झाला, रेसिडेन्सीला वेढा पडला, तो नोव्हेंबरात कॉलिन कॅम्पबेलने आतल्यांना बाहेर काढेपर्यंत चालला. बेगम हजरत महलच्या बाजूने शहर मार्च 1858 पर्यंत लढलं. शहर पुन्हा ताब्यात येताच रॉबर्ट नेपियर या लष्करी इंजिनियराने योजना आखली : दाट वस्तीतून रुंद, सरळ रस्ते काढायचे, म्हणजे फौज आणि तोफा कुठेही झटपट पोचतील आणि पुन्हा कुणी गल्लीत लपून लढणार नाही. त्यासाठी जुन्या शहराचा मोठा भाग पाडला गेला. दुष्काळात उभ्या राहिलेल्या इमामबाड्याचा परिसर लष्करी ठाणं बनला.

लखनौतले हे रुंद रस्ते असे शहराला वेसण घालण्यासाठी झाले. आज तोफा गेल्या, मोटारी आल्या. पण ‘शहर सुधारायचं म्हणजे मध्ये येणारी माणसं, दुकानं, घरं बाजूला सारून वाहनाला वाट करून द्यायची’ हा विचार तोच राहिला. नेपियरला निदान आपला शत्रू कोण हे ठाऊक होतं. आपण मात्र आपल्याच आईला शत्रूच्या जागी उभं केलं आहे आणि त्याला विकास म्हणतो.

इथे एक मुद्दा निकराने मांडायला हवा, कारण पादचाऱ्यांच्या बाजूने बोललं की लगेच कुणीतरी म्हणतं, ‘बरोबर आहे, फेरीवाले हटवा.’ नाही. आमची वाट अडवली ती उभ्या मोटारींनी. वाट करून दिली ती फेरीवाल्याने. पेरूची गाडी संध्याकाळी घरी जाते. मोटार रात्रंदिवस सार्वजनिक जागेवर झोपते, आणि तिला कुणी अतिक्रमण म्हणत नाही. पादचाऱ्याचं नाव पुढे करून गरिबाचं पोट मारायचं असेल तर माझी सही त्या अर्जावर नको.

आणि चौक म्हणजे तरी काय? गोल दरवाज्यातून आत शिरलं आणि अकबरी दरवाज्याकडे निघालं की हा बाजार म्हणजे काम करणाऱ्या हातांचीच रांग आहे. थंडीत गोल दरवाज्यापाशी मक्खन मलाई मिळते. रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा तो फेस. उन्हं चढली की बसून जातो, म्हणून सकाळीच खावा लागतो. मुलीने दोन द्रोण संपवले आणि ‘यात खाल्लं काय, हवा की दूध?’ असं विचारलं. बोळात चांदीचा वर्ख कुटण्याचा ठोका ऐकू येतो. लाकडी ठशांनी मलमलीवर निळी नक्षी उठवणारा छापेकरी दिसतो. ती निळाई नंतर धुऊन जाते आणि मागे फक्त टाका उरतो, हे त्याने मुलीला कापड हातात देऊन समजावलं. मुर्री, फंदा, जाळी, बखिया ही टाक्यांची नावं तिने वहीत लिहून घेतली. तो कपडा छापला जातो इथे, भरला जातो कुठल्या तरी मोहल्ल्यात किंवा खेड्यात घराघरांतल्या बायकांच्या हातून, धुतला जातो आणखी कुठे, आणि विकला जातो काचेच्या दुकानात. किमतीतला सर्वांत छोटा वाटा भरणाऱ्या बाईचा. सहलीची बस थांबली होती ती या साखळीच्या शेवटच्या कडीपाशी. तिथे आमच्या गटाने तासभर घासाघीस केली. बोळातून चालत गेलेल्या माणसाला घासाघीस करताना थोडी तरी लाज वाटली असती.

याच भागात फिरंगी महल आहे. एका युरोपीय व्यापाऱ्याची ही कोठी औरंगजेबाच्या काळात विद्वानांच्या घराण्याला मिळाली आणि तिथल्या मुल्ला निजामुद्दीन यांनी अठराव्या शतकात आखलेला ‘दर्स-ए-निजामी’ हा अभ्यासक्रम उपखंडातल्या मदरशांत पसरला. 2025 मध्ये युनेस्कोने लखनौला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला. छान झालं. पण ज्या बोळांत ते खाणं शिजतं तिथे पोचायला पाय सोडून दुसरं साधन नाही. मेट्रो 2017 पासून धावते, पण चौकात जात नाही. जाणारी मार्गिका मंजूर झाली आहे, होईल तेव्हा होईल. तोवर मान मिळालेल्या शहराने निदान त्या मानापर्यंत चालत जाण्याची सोय करावी. दिल्लीत चांदनी चौकात 2021 पासून दिवसा मोटारींना मज्जाव करता आला. पूर्ण यशस्वी झालं असं कुणी म्हणणार नाही, पण अशक्य आहे असंही आता कुणी म्हणू शकत नाही.

चौकातून कैसरबागेपर्यंत आम्ही ई-रिक्षा केली, हे कबूल करते. रेसिडेन्सीचे गोळ्यांनी चाळण झालेले अवशेष पाहिले, हिरवळीवर बसून पराठे खाल्ले आणि तिथून पुन्हा चालत कैसरबागेत आलो. आणि इथे माझा राग आपल्याच लोकांकडे वळतो.

वाजिद अलीशाहने 1848 ते 1850 च्या दरम्यान उभारलेल्या कैसरबागेत परीखाना नावाची वास्तू आहे. नाचगाण्याची तालीम चालायची ती ही जागा. 1856 मध्ये नवाबाला पदच्युत केलं गेलं, तो कलकत्त्याला गेला, दोन वर्षांनी कैसरबाग लुटली गेली. आज या वास्तूत संगीताचं विद्यापीठ आहे आणि त्यावर नाव आहे भातखंडे यांचं. विष्णू नारायण भातखंडे. वाळकेश्वरला 1860 मध्ये जन्मलेला, वकिली सोडून गाण्याच्या मागे हिंदुस्थानभर फिरलेला माणूस. 1924 आणि 1925 च्या अखिल भारतीय संगीत परिषदा लखनौत भरल्या आणि त्यांतून 1926 मध्ये हे विद्यालय उभं राहिलं. तेव्हा त्याला गव्हर्नर मॅरिसचं नाव होतं, भातखंड्यांचं नाव 1966 मध्ये मिळालं. म्हणजे ज्या वर्षी प्रेमचंदांनी लखनौच्या ऱ्हासाची कथा लिहिली, त्याच वर्षी एक मराठी माणूस त्याच शहरात गाण्याची शाळा काढण्याच्या खटपटीत होता. पुढे श्रीकृष्ण रातंजनकरांनी ती शाळा वाढवली. 1936 मध्ये बैलहोंगलचा, अकरा वर्षांच्या आसपासचा एक मुलगा त्यांच्याकडे शिकायला इतक्या लांब आला. तो पुढे पंडित के. जी. गिंडे झाला.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि गाणं शिकते. तिच्या वहीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, मंद्र सप्तकाच्या स्वराखाली टिंब असतं. ती रेघ आणि ते टिंब ज्याच्या पद्धतीतले, त्याच्या नावाच्या दारात ती उभी होती. आतून कुणाचा तरी रियाज ऐकू येत होता. ती म्हणाली, ‘यमन आहे,’ आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ चार भागांत मराठीत लिहिली. गुरु-शिष्याच्या संवादाच्या रूपात, मुंबईच्या बोलीत, बंदिशी मात्र ब्रजच्या आणि अवधच्या. मराठीत विचार केलेलं शास्त्र लखनौत शिकवलं गेलं आणि लखनौची, रामपूरची गाणी मराठी घरांत पोचली. आज संस्कृतीच्या नावाने कुंपणं घातली जात असताना याहून मोठा पुरावा कुठला हवा? भातखंड्यांनी मुसलमान उस्तादांवर कठोर टीका केली, त्यांच्या काही मतांशी आज भांडावं लागतं, हेही खरं. पण भांडायला आधी तिथे जावं लागतं. आमच्या सहलीच्या पत्रिकेत, जिचं प्रत्येक पान ‘मराठी माणसाची हक्काची सहल’ म्हणून मिरवत होतं, भातखंड्यांचा उल्लेख नव्हता. विमानतळाला जाताना बस कैसरबागेवरून गेली असेलही. बसमधून.

आता ‘आईंना कशाला तंगडतोड’ या प्रश्नाकडे. हा प्रश्न मी थट्टेवारी नेणार नाही. आईचे गुडघे दुखतात, ती दर वीस मिनिटांनी बसते. त्या दिवशी ती थकली, आणि दोनदा चिडली. पण थकली कशाने हे मी नीट पाहिलं. इमामबाड्याच्या आवारात, रेसिडेन्सीच्या हिरवळीवर, चौकाच्या बोळात ती तासन्‌तास रमली. ती मोडली ती त्या नाक्यावरच्या सात मिनिटांत, आणि दुपारी स्वच्छतागृह शोधत घातलेल्या अर्ध्या तासात. म्हाताऱ्या माणसाला चालणं मारत नाही. बसायला बाक नसणं, सावली नसणं, पाणी नसणं, बाईमाणसाला जायला जागा नसणं मारतं. वय झालेल्यांना बसमध्ये कोंबणं ही काळजी नव्हे. ज्या सोयी करायच्या त्या न करण्याची ती सबब आहे. मे महिन्यात असं फिरा असं मी कुणाला सांगणार नाही. पण सहली निघतात त्या बहुतेक थंडीत आणि दिवाळीतच.

म्हणून सहलवाल्यांना सांगणं आहे : स्थळं कमी करा, दिवस वाढवा, ‘बसमधून’ हा शब्द पत्रिकेतून काढा. ग्राहकांना, म्हणजे आपल्याला, सांगणं आहे : ‘इतक्या पैशांत किती पॉइंट’ हा हिशेब सोडा, कारण तो आपणच मागतो म्हणून ते देतात. शहरं चालवणाऱ्यांना सांगणं आहे : वारसास्थळांवर रात्रीची रोषणाई करण्याआधी दोन स्थळांमधला एक किलोमीटर चालण्याजोगा करा. पदपथ, ओलांडायची जागा, बाक, मुतारी. यात कसलंही दिव्य नाही.

आणि हे लिहिताना मी पुण्यात राहते, हे विसरलेले नाही. पुणे महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण केलं. 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी तिथे मोटारी नसतात, लोक नाचतात, मुलं चित्रं काढतात. उरलेले 364 दिवस तोच रस्ता मोटारींचा. शनिवारवाड्यापासून लाल महाल, कसबा गणपती, तुळशीबाग, विश्रामबागवाडा हे अंतर तरी किती आहे? लखनौचं एखादं कुटुंब आपल्या अम्माला घेऊन पुणं पायी पाहायला आलं, तर आपण कुठल्या तोंडाने त्याला बोलावणार? त्याच्यासाठी कोण हातगाडी आडवी घालेल?

संध्याकाळी हजरतगंजात एका कठड्यावर बसून आम्ही चहा घेतला. आईने चपला काढून पाय चोळले. नवऱ्याने विचारलं, ‘उद्या विमानतळावर जायच्या आधी आणखी काही पाहायचंय का?’ आई म्हणाली, ‘त्या पेरूवाल्याकडनं पेरू घ्यायचे राहिले बघ. तेवढं जाऊन येऊ.’

सकाळी आम्ही गेलो. चालत.